पैलवानाची सोबत

२ फेब्रुवारी

पैलवान आडवा पडलाय! टाकीच्या तळाशी, एका कुशीवर, डोळा वर करून. हिनं स्वयंपाकघरातूनच विचारलं, "गेला का?" आवाजात आशा होती — खोटं कशाला लिहू. काचेवर टिचकी मारली तर कल्ले हलले. गेला नाही. रुसलाय. माशालाही रुसता येतं हे मला बासष्टाव्या वर्षी कळतंय.

काल तुरुंगात पोराला भेटून आलो. महिन्यातून एकदा वीस मिनिटं. मध्ये काच, दोन्हीकडे फोन. काच दहा मिलिमीटरची, कडा धड घासलेल्या नाहीत. चाळीस वर्षं काचा कापतोय, नजर जातेच. जेवतोस का, खोकला कसा आहे — माझे प्रश्न ठरलेले. त्याचा पहिला प्रश्नही ठरलेला.

"पैलवान काय म्हणतो?"

म्हटलं, खात नाही नीट. त्याचा चेहराच उतरला. "बाबा, त्याला सोबत बघा. एकटा ठेवू नका." उरलेली सगळी मिनिटं मासा! त्या मेलेल्या मुलाचं नाव नाही. लंब्याचं नाव दीड वर्षात एकदाही नाही.

घरी येऊन हिला सांगितलं. न सांगून चालत नाही आणि सांगूनही चालत नाही. ही म्हणाली, "माणूस गेला त्याच्या हातून, त्याचं काही नाही. आणि माशाची चौकशी! कुठल्या काळजाचं पोर निपजलं माझ्या पोटी?" निकाल लागल्यापासून ही भेटायला आलेली नाही.

पोरगा आणि लंब्या एका खोलीत राहायचे. चार वर्षांची मैत्री. भांडी घासायची पाळी कोणाची, ह्यावरून जुंपली — भांड्यांवरून! पोरानं जिन्यात ढकललं. नऊ पायऱ्या. लंब्या तिसऱ्या दिवशी गेला. पोराला सात वर्षांची शिक्षा. खोलीच्या मालकाचा फोन आला, "दुसऱ्या मुलाची माणसं सामान घेऊन गेली. उरलंय ते तुमचं. उचला." गेलो तर एक गादी, एक बॅग, आणि चार फुटांच्या टाकीत हा ऑस्कर जातीचा दांडगा मासा. बादलीत घालून आणला. तोही वाटेत शेपटीनं तोंडावर पाणी मारत.

५ फेब्रुवारी

दुकानातून येताना दोन गोल्डफिश घेतले. छान शेंदरी. संध्याकाळी सोडले. पैलवान लगेच उठून बसला — म्हणजे सरळ झाला. पोहायला लागला! म्हटलं, बघा, माणसात आला.

६ फेब्रुवारी

दोन्ही नाहीत. एक खवला तरंगतोय.

९ फेब्रुवारी

दुकानाशेजारच्या शिंप्यानं पत्ता दिला म्हणून पलीकडच्या रस्त्यावरच्या माशांच्या दुकानात गेलो. भिंतभर टाक्या, ओलसर वास, पाण्याच्या मोटारींची घुरघुर. दुकान एक बाई चालवतात. पस्तिशीच्या असतील, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. गोल्डफिशची हकिकत सांगितली तर कपाळावर हात मारला.

"काका, त्याच्या तोंडात मावतो तो सोबती नव्हे, घास!"

मग शिकवणीच घेतली. मोठा हवा, जाड अंगाचा हवा. त्याच्याइतका तापट नको आणि अगदी गरीब गायही नको. गायीला तो जगू देणार नाही. म्हणाल्या, "दोन वाटा आहेत. एक, सिल्व्हर डॉलर. तळहाताएवढे, चपटे, सहा-सात जणांचा थवा. कोणा एकावर राग निघत नाही, वाटला जातो. दोन, त्याच्याच जातीचा, त्याच्याच अंगापिंडाचा दुसरा. जमलं तर जन्माची जोडी. नाही जमलं तर..."

पोरगा म्हणाला होता, सोबत बघा. सोबत म्हणजे मला एकच डोळ्यासमोर आला. थवा नाही आला.

१५ फेब्रुवारी

दुसरा ऑस्कर आणला. लालसर, देखणा, पैलवानापेक्षा बोटभर लहान. बाई पिशवी बांधताना म्हणाल्या, "आधी टाकीतले दगड हलवा. जुन्याला जागा नवी वाटली पाहिजे. आणि आधी पोटभर खायला घाला." खायला घातलं. दगड उद्या हलवू म्हटलं. कंबर दुखत होती.

सोडला. पैलवान एका जागी थांबला. काळा पडला, अख्खा! मग तोंडाला तोंड भिडलं. लाल मासा मागं हटत होता, सुटका मागत होता, पण टाकीला चारच भिंती. मी समोर उभा होतो. जाळी हातात होती. आणि मी काय केलं? "अरे, अरे!" म्हणत राहिलो. दोन मिनिटं झाली असतील. जाळी घातली तोवर त्याचा एक डोळा गेला होता. बादलीत घालून बाल्कनीत ठेवला.

दोन मिनिटंच लागतात. एवढंच लागतं. मी पोराला पहिल्या भेटीत विचारलं होतं, "तुला थांबता नाही आलं?"

१६ फेब्रुवारी

सकाळी पाहतो तर लाल माशाची बादली बाल्कनीत नाही. स्वयंपाकघरात, हिच्या पायाशी. मिठाचं पाणी केलेलं, वरून ताटली झाकलेली. जी बाई टाकीकडे पाठ करून जेवते, तिनं! ही म्हणाली, "उन्हात ठेवली होतीत. शिजला असता."

१७ फेब्रुवारी

दुपारी दुकानातून फोन केला, तर ही आधी बादलीबद्दलच बोलली. "एका अंगावर पोहतोय. पण पोहतोय."

१८ फेब्रुवारी

गेला. हिनं कुंडीतली माती उकरून त्याला पुरलं. हात धुताना म्हणाली, "ह्याचंही कोणी नव्हतं विचारायला." मग नळ तसाच वाहू दिला, बराच वेळ.

पैलवान दोन दिवसांत टुणटुणीत! भूक लागलीय त्याला. मी गोळ्या टाकल्या आणि उलटा फिरलो. बघवेना.

२ मार्च

काल भेट. लपवायचं ठरवून गेलो होतो. पण त्यानं विचारल्यावर सगळं ओकलो — दगड न हलवल्याचंसुद्धा. तो ऐकत राहिला. फोन कानाला, पण डोळे खाली. मला वाटलं, चिडेल. म्हणाला, "तुम्ही जाळी घातलीत ना बाबा?"

"उशिरा घातली."

"घातलीत ना पण."

पहारेकऱ्यानं खूण केली तेव्हा पटकन म्हणाला, "परत आणा कोणालातरी. पण आधी काच घाला मध्ये. एकमेकांना दिसू देत नुसते. पैलवान वाईट नाही, बाबा. त्याला भीती वाटते."

हिला फक्त शेवटचं वाक्य सांगितलं. ही चिडली नाही. म्हणाली, "भीती वाटणाऱ्यांनी दुसऱ्याचा जीव घ्यायचा का?" पण आवाज चढला नाही. पहिल्यांदाच नाही चढला.

७ मार्च

आज गिऱ्हाइकांना उद्या या म्हटलं आणि टाकीच्या मापाची काच कापली. पाच मिलिमीटर. हिऱ्यानं रेघ मारली, रेघेवर मोडली, कडा घासल्या — तुरुंगवाल्यांनी येऊन बघावं, कडा कशा घासतात! पाण्याची धार धरून अठरा भोकं पाडली, पाणी खेळतं राहावं म्हणून. सतरावं पाडताना तडा गेला. दुसरी कापली.

८ मार्च

काच बसवली. दगड हलवले — सगळे. हिनं धरायला हात दिला, बाहीपर्यंत भिजली. पलीकडं सहा सिल्व्हर डॉलर. पैलवान काचेवर धडकला. धाड! परत. परत. ही दर वेळी डोळे मिटायची.

१२ मार्च

धडका कमी. सकाळी चार, संध्याकाळी दोन.

१९ मार्च

आज एकही नाही. काचेला तोंड लावून बघत बसतो. पलीकडचे सहाही काचेजवळ येतात, एका रांगेत, शाळेतल्या पोरांसारखे. हिनं खुर्चीवरचे घड्या करायचे कपडे टाकीसमोर आणून ठेवले. म्हणाली, "इथं उजेड बरा आहे." उजेड तिथं कधीच बरा नव्हता.

२३ मार्च

काच काढली. बाईंनी सांगितलं तसं — पोटभर खायला घालून, दिवा बंद करून. जाळी हातात धरून दोन तास उभा होतो. ही म्हणाली, "बसा." नाही बसलो. त्यानं एकदा एकाच्या मागं झेप घेतली. सहाही जण फुटले आणि पुन्हा एक झाले. कोणाला धरावं हेच त्याला कळेना! मग गेला आपल्या कोपऱ्यात.

२४ मार्च

सहा.

२५ मार्च

सहा.

३० मार्च

सहाच्या सहा. एकाच्या शेपटीला खोच आहे, तेवढंच. पैलवान मधोमध पोहतो, ते भोवती. गोळ्या हातातून घेतो आता — हिच्या हातातून.

दुकानात जाऊन बाईंना सांगितलं. खूश झाल्या. "वय काय काका त्याचं? मोठं झालं की खाणं बदलावं लागतं. कुठून घेतलेला?" माहीत नाही म्हटलं. पोराचा आहे, पोराला विचारून सांगतो.

५ एप्रिल

आज पोराला म्हटलं, जमलं रे! एकटा नाही तो आता. त्यानं फोन खाली ठेवला आणि कपाळ काचेला टेकलं. खांदे हलत होते. मी इकडून नुसता बघत होतो. फोन उचलल्यावर, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं — किती वर्षांचा आहे, दुकानवाल्या बाई विचारत होत्या.

"मला नाही माहीत, बाबा. लंब्याचा मासा तो. त्याच्या माणसांना ठाऊकच नव्हतं. मला सांगायचं होतं, पण नाव घ्यायला तोंड उघडत नव्हतं."

घरी येऊन हिला जसंच्या तसं सांगितलं. ही टाकीसमोरच बसलेली होती. हातातली गोळी पैलवानाला भरवली. मग म्हणाली, "लंब्याच्या आईचा पत्ता आहे तुमच्याकडे?"