चार जुलैचा पहिला चेंडू

मंगळवार, १७ जून

प्रिय रोली,

कसा आहेस? इकडे सगळे ठीक. मका गुडघ्याएवढा झालाय, बाबांचा ट्रॅक्टर परत रुसून बसलाय, आणि आई सकाळपासून खसखस भरलेले गोड कोलाचे पाव भाजतेय, कारण घरात माणसांची रीघ लागलीय. का लागलीय ते सांगतो, पण चिडू नकोस. बेसबॉलचं नाव तुझ्यासमोर काढायचं नाही, असं तू बजावलं होतंस. मी समोर नाही, लांबून काढतोय. फोन तू उचलत नाहीस, मग पत्राशिवाय दुसरं काय करू?

तर ऐक. मी ऑल-अमेरिकन झालो.

घाईत लिहितोय, अक्षर समजून घे. देशभरातल्या कॉलेजांमधून जे मोजके कॅचर निवडले, त्यात तुझा भाऊ, आपल्या कुचेरांचा वेस आहे. पहिल्या संघात नाही, दुसऱ्या संघात. पहिल्यात दक्षिणेकडचा कोणीतरी आहे. म्हणे पोरगा फार गुणी आहे. असू दे बापडा.

गेल्या गुरुवारी मी लॉकर रिकामं करत होतो. कोच स्ट्रँड दारात आले, तोंडात नेहमीसारख्या सूर्यफुलाच्या बिया. म्हणाले, "कुचेरा, माझ्या खोलीत ये. दार लावून घे." मला वाटलं, संपलं, पुढच्या वर्षी संघात ठेवत नाहीत. आत गेलो तर म्हातारा बियांची टरफलं कपात थुंकत बसला. शेवटी म्हणाला, "तुझ्या आईला फोन लाव, आणि तिला खाली बसायला सांग." मी म्हटलं, "कोच, मी काय केलं?" तर म्हणतो, "जे केलंस ते अख्ख्या देशाला कळलंय, गाढवा." मग मला मिठी मारली. रोली, कोच स्ट्रँडने मिठी मारली. त्या माणसाने स्वतःच्या लग्नात तरी कोणाला मिठी मारली असेल का, मला शंका आहे.

आई फोनवर आधी रडली आणि मग तिने विचारलं, "पहिल्या संघात कोण आहे?" घरी आल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे देशात तुझ्यापेक्षा बरा एकच?" मी म्हटलं, हो. "मग ठीक आहे," म्हणाले आणि ट्रॅक्टरखाली शिरले. पण नंतर धान्याच्या गोदामापासून केशकर्तनालयापर्यंत त्यांनी इतक्या जणांना सांगितलंय, की आता मला गावात कॉफीचे पैसे कोणी देऊ देत नाही.

आता खरी गंमत. चार जुलैला स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीनंतर आपल्या गावच्या मैदानावर सामना असतो ना, त्याचा मानाचा पहिला चेंडू मी टाकायचा, असं सामना भरवणाऱ्या नोव्होत्नीबाईंनी ठरवून टाकलं. बाई काय, तुला माहीतच आहेत, विचारत नाहीत, कळवतात. मी म्हटलं, "बाई, मी कॅचर आहे. मी टाकत नसतो, झेलत असतो. मी ऑल-अमेरिकन झालो तो फलंदाज उभा राहतो त्या प्लेटच्या मागे बसून. मी तिथेच बसणार." बाई म्हणाल्या, "मग टाकणार कोण? भोंग्यावर नाव सांगावं लागेल मला." मी म्हटलं, "बघतो, कळवतो."

आईने तेव्हा माझ्याकडे पाहिलं आणि कोलाच्यांचा ट्रे उगाचच पुसत बसली.

तुझ्या कोपराबद्दल मी काही लिहिणार नव्हतो. खरंच नव्हतो. चेंडू टाकणारा पिचर म्हणून ऑल-अमेरिकन तू होणार होतास, हे गावातलं शेंबडं पोरही सांगत होतं. मग कोपर गेलं, ऑपरेशन झालं, चेंडू पूर्वीसारखा जाईना, आणि एका सकाळी तू ग्लोव्ह लॉकरमध्येच ठेवून कॅन्ससला टायरच्या दुकानात निघून गेलास. मला न सांगता. त्याचा मला राग होता आणि अजून थोडा आहे. तुझा ग्लोव्ह माझ्याकडे आहे. दर महिन्याला तेल लावतो, शिव्या देत देत.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते लिहितो. एप्रिलमधला तो गारठ्याचा शनिवार. पहिल्या बेसवर समोरच्या संघाचा पोरगा उभा होता, चांगला पळणारा. आमचा पिचर टाकणार, इतक्यात डाव्या कुंपणापलीकडून, जिथे लोक गाड्या लावून बघतात, शिट्टी आली. दोन बोटांची, आखूड, शेवटी तुटणारी. अशी शिट्टी जगात एकाच माणसाला येते, कारण त्याचा पुढचा दात अर्धा आहे. लहानपणी बाबांच्या संघात मी नवा कॅचर होतो आणि तू बाकावरून अशीच मारायचास. म्हणजे पोरगा चोरून दुसऱ्या बेसकडे निघतोय, तयार राहा. मी विचारच केला नाही. चेंडू हातात आला तसा दुसऱ्या बेसवर मारला. पोरगा बाद.

मग ती शिट्टी आमच्या कॉलेजच्या मैदानावर जवळजवळ दर शनिवारी आली. चोरून पळणाऱ्यांची पार दैना झाली. कोच विचारायचे, "कुचेरा, तुला आधीच कसं कळतं?" मी म्हणायचो, नशीब. शेवटच्या डावाआधी एक निळी पिकअप निघून जायची, हिरव्या दाराची. असलं दार दुसरं कोण लावून घेईल, रोली? आई म्हणायची, रोली शनिवारी फोन घेत नाही, जादा काम असेल. मी म्हणायचो, असेल.

मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. हाक मारली असती तर तू परत आला नसतास, या भीतीने मी कुंपणाकडे मान वळवूनही पाहिलं नाही. बाकी सन्मानाच्या फळीवर नाव माझंच लागणार आहे, त्यात वाटा मागू नकोस. हात माझा दुखलाय.

पण पहिला चेंडू तू टाक. कोपर कसं आहे ते मी विचारत नाही. जमिनीवर आपटला तरी चालेल, सरपटत आला तरी चालेल, गर्दीत गेला तर मी गर्दीत उडी मारीन. लोक हसले तर हसू देत, त्यांना मी बघून घेतो. मला फक्त तू समोर उभा हवा आहेस, कुंपणाच्या अलीकडे. नोव्होत्नीबाईंना मी तुझं नाव अजून दिलेलं नाही. येणार असलास तर फोनही करू नकोस. सरळ ये आणि हिरवं दार सगळ्यांना दिसेल असं लाव.

मी त्या दिवशी दुपारपासून प्लेटमागे बसलेला असेन. तू चेंडू टाकल्याशिवाय उठणार नाही. बाबा ओढायला आले तरी नाही.

तुझी वाट बघत उकिडवा बसलेला,
वेस