भट्टीपाशी ‘गरम’ म्हणण्याची परवानगी मिळणेबाबत

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
मुक्त स्पर्धा व दर देखरेख कार्यालय,
दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताला.

विषय : व्यवसायातील प्रतिस्पर्ध्याशी (नाते : सख्खा धाकटा भाऊ) काम करताना ‘गरम’ हा एकच शब्द बोलण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) एकसारख्या दरांबाबत आपल्या कार्यालयाची पहिली नोटीस.
२) त्याच बाबतची दुसरी नोटीस.
३) निरीक्षक महोदयांनी भट्टीस दिलेली समक्ष भेट व तोंडी सूचना.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून खाली सही करणारा अर्जदार आपणांस नम्रपणे सादर करतो की,

१. अर्जदार पावाचा व्यवसाय करतो. अर्जदाराचे व त्याच्या धाकट्या भावाचे दुकान एकाच इमारतीत असून मधे फळ्यांची भिंत आहे. रस्त्यावरून पाहिल्यास डावीकडचे दुकान अर्जदाराचे व उजवीकडचे धाकट्याचे. ही भिंत भांडणातून उभी राहिलेली नाही. वडिलांच्या पश्चात दोन्ही सुनांना आपापला गल्ला हवा होता, म्हणून ती घातली, आणि ती घालताना दोन्ही भावांनी मिळून खिळे ठोकले. भिंत मागपर्यंत जात नाही, कारण मागे भट्टी आहे, आणि भट्टी एकच आहे. ती वडिलांनी स्वतःच्या हाताने विटा लावून बांधली. तिला तोंडही एकच आहे. ती मधोमध चिरता येईल काय, असे अर्जदाराने गवंड्यास विचारून पाहिले. गवंडी बराच वेळ हसला आणि येण्याजाण्याचे पैसे न घेता निघून गेला. नवी भट्टी बांधायची तर अग्निशमन खात्याची परवानगी लागते, आणि ते खाते अद्याप मुक्त झालेले नाही.

२. पूर्वी पावाचे वजन आणि दर दोन्ही सरकार ठरवत असे. वजन कमी भरले तर दंड, दर जास्त घेतला तरी दंड. त्यामुळे दोघा भावांत स्पर्धा करण्यासारखे काही उरतच नसे. एकाकडचा पाव संपला की तो फळीवर थाप मारी आणि गिऱ्हाईक दुसरीकडे पाठवी. हे दिवस बरे होते असे अर्जदाराचे म्हणणे नाही. दरमुक्तीसाठी जी सभा झाली तिला अर्जदार पहिल्या रांगेत बसला होता, आणि धाकट्याने तर व्यासपीठावर चढून भाषण केले. बेकरीवाल्याला अक्कल आहे, त्याच्या पावाचा दर त्याला ठरवू द्या, असे तो म्हणाला. टाळ्या पडल्या, त्यांतल्या पहिल्या अर्जदाराच्या होत्या. अर्जदार आजही त्याच मताचा आहे. सबब हा अर्ज धोरणाविरुद्ध नाही, एवढे कृपया ठळकपणे नोंदवून घ्यावे.

३. दरमुक्तीच्या पहिल्याच सकाळी दोघा भावांनी आपापल्या दाराशी दराची पाटी लावली. दोन्ही पाट्यांवर एकच दर होता. त्यावरून संगनमताची पहिली नोटीस आली. अर्जदाराने खुलासा दिला की मैदा एकाच गिरणीचा, सरपण एकाच वखारीतले, भट्टी एक, आणि हिशेब शिकवणारे वडीलही एक. मैद्याचा, सरपणाचा नि मिठाचा खर्च मांडायचा, त्यावर पोटापुरते चढवायचे आणि थोडी लाज ठेवायची, अशी ती रीत आहे. दोघांनी ती रीत वेगवेगळी केली तरी उत्तर तेच येते. यावर आपल्या कार्यालयाने कळवले की वडील एकच असणे हा बचाव नियमांत नमूद नाही, आणि यापुढे माल, दर, वजन व वेळ यांविषयी दोघांनी परस्परांशी कोणताही संपर्क ठेवू नये.

अर्जदाराने त्याच दिवसापासून भावाशी बोलणे थांबवले. खबरदारी म्हणून सगळेच बोलणे थांबवले, कारण बेकरीवाल्याच्या घरात कोणते बोलणे पावाचे नाही हे ओळखणे अवघड असते. भावानेही थांबवले. हेही दोघांनी एकमेकांना न विचारता केले, याची नोंद घ्यावी.

त्यानंतर वेगळेपणा दिसावा म्हणून अर्जदाराने दर थोडा उतरवला. बाहेर जाऊन पाहतो तो धाकट्यानेही तेवढाच उतरवलेला. अर्जदाराने विचार केला की धाकट्याला वाटत असेल, हा आता आणखी उतरवणार, तेव्हा आपण उलट चढवावा. चढवला. धाकट्याच्या पाटीवरचा पुसल्याचा ओलावा अजून वाळला नव्हता आणि आकडा तोच होता. गिऱ्हाइके पाव घ्यायची सोडून दोन्ही पाट्या बघत उभी राहू लागली. दुसरी नोटीस त्याच सुमारास आली.

निरीक्षक महोदय समक्ष आले, हे अर्जदार उपकार समजतो. ते सज्जन गृहस्थ आहेत. दोन्ही दुकानांतून त्यांनी एकेक पाव घेतला, दोन्हीकडे पैसे दिले आणि दोन्ही पाव चवीला एकसारखे असल्याचे टिपून घेतले. निघताना ते कळकळीने म्हणाले, “तुम्ही दोघं जरा वेगवेगळा विचार करून बघा ना.” अर्जदाराने तसा प्रामाणिक प्रयत्न केला. जो विचार मनात येई तो धाकट्याच्याही मनात आला असणार म्हणून तो टाकून देई. दुसरा येई, तोही त्याच कारणाने टाकी. अखेर डोके चालेना तेव्हा अर्जदाराने त्या दिवशी दुकानच उघडायचे नाही असे ठरवले आणि बाहेरची हवा खायला रस्त्यावर आला. धाकटा आपल्या बंद शटरसमोर उभा होता. त्या दिवशी गल्लीत पाव मिळाला नाही, आणि मालाचा पुरवठा संगनमताने रोखल्याची नोंद आमच्या दोघांच्या नावे पडली.

४. आई वरच्या मजल्यावर, दोन्ही दुकानांच्या डोक्यावर राहते. दुपारी दोघे भाऊ तिच्याकडे जेवतात. एकत्र जेवण्यास हरकत नाही, बोलण्यास आहे, असे निरीक्षक महोदयांनी समजावून सांगितले. तेव्हापासून मीठ हवे असल्यास अर्जदार आईला सांगे, आई धाकट्याला सांगे, आणि धाकटा बरणी पुढे सरकवी. पुढे निरीक्षक महोदयांच्या ध्यानात आले की अशाने आई ही मध्यस्थ ठरते, आणि मध्यस्थामार्फत झालेला संपर्क हाही संपर्कच. तसे त्यांनी तिला वर जाऊन सांगितले. आई म्हणाली, “मी दोन पोरं वाढवली, दोन दुकानं नाही.” हे वाक्य त्यांनी लिहून घेतले असून ते आपल्या फायलीत असेल. त्यानंतर आईने कोणाशीच बोलायचे सोडले आहे. तिला कोणताही नियम लागू होत नाही, तरी सोडले आहे.

अर्जदाराची पत्नी व भावजय मात्र फळीच्या भिंतीतून दिवसभर बोलतात, कारण दुकाने त्यांच्या नावावर नाहीत. धाकट्याला सर्दी झाली, धाकट्याने नवा चष्मा केला, धाकट्याला हल्ली झोप येत नाही, हे सर्व अर्जदारास त्या मार्गाने कळते. हा मार्ग बंद करू नये अशी हात जोडून विनंती आहे.

५. आता मूळ मुद्दा. भट्टीचे तोंड आणि कणीक मळण्याचे टेबल यांत जेमतेम एका माणसाला जाता येईल एवढी जागा आहे. एकजण तोंडाशी उभा राहून तापलेले ट्रे बाहेर काढतो व घेऊन वळतो. त्या वेळी दुसरा त्याच्याकडे पाठ करून टेबलापाशी गोळे करत असतो. ट्रे घेऊन वळणाऱ्याने ‘गरम’ असे ओरडायचे आणि पाठमोऱ्याने जिथे आहे तिथे टेबलाला चिकटायचे, ही वडिलांच्या वेळेपासूनची पद्धत आहे. न ओरडणाऱ्याला वडील पाठीत धपाटा घालत, मग त्याने कोणाला भाजले असो वा नसो. आम्हा भावांच्या अंगात ती इतकी मुरली आहे की अर्जदार घरात चहाचा कप नेतानाही ‘गरम’ म्हणतो, आणि त्याची पत्नी आता त्याला हसायचीही थांबली आहे.

निरीक्षक महोदयांनी हा शब्द भट्टीपाशी ऐकला व आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे असे, की ‘गरम’ म्हटल्याने आपला ताजा माल या क्षणी तयार झाला हे प्रतिस्पर्ध्यास कळते, आणि ही व्यापारी माहिती आहे. प्रतिस्पर्धी दीड हातावर उभा असून त्यास वासानेही कळते, हे अर्जदाराने नम्रपणे निदर्शनास आणले. वासाबाबत आपल्या कार्यालयाचे धोरण अद्याप ठरलेले नाही, असे ते म्हणाले. शब्दाऐवजी खोकावे काय, पाय आपटावा काय, घंटी बांधावी काय, असेही अर्जदाराने विचारले. नेमाने केलेला खोकला म्हणजे खूणच, आणि घंटी तर उघड खूण, असे उत्तर मिळाले. तेव्हा अर्जदाराने हात टेकले व तोंड मिटून ट्रे काढण्यास सुरुवात केली.

काही दिवस दोघांनी फार जपून काम केले. मग एका सकाळी अर्जदार ट्रे घेऊन वळला आणि त्याच वेळी धाकटा मैद्याच्या पोत्याकडे वळला. ट्रेची कड त्याच्या कोपराखाली लागली. तो ओरडला नाही. भाजल्यावर ओरडणे हा मालाविषयीचा संपर्क होत नाही असे अर्जदाराचे मत आहे, परंतु त्याने तो धोका पत्करला नसावा. अर्जदाराने ट्रे खाली टाकला, त्याचा हात धरून नळाखाली नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. धाकटा पाण्याकडे बघत होता. ‘फार दुखतंय का’ हे शब्द अर्जदाराच्या तोंडापर्यंत आले होते. त्यांत दर, वजन वा वेळ यांचा कसलाही उल्लेख नव्हता. तरी ते बाहेर आले नाहीत. अर्जदाराने नळ आणखी थोडा सोडला.

अर्जदारास भीती हाताची नाही. हात बरा होत आहे. सुरुवातीला आम्ही नियम म्हणून गप्प होतो. आता जिन्यात समोरासमोर आलो तरी मान खाली जाते आणि नियम आठवावाही लागत नाही. उद्या आपण बोलण्याची पूर्ण मोकळीक दिलीत आणि तेव्हा दोघांनाही काय बोलायचे ते सुचले नाही, तर ती तक्रार घेऊन अर्जदाराने कोणत्या कार्यालयात जावे? तसे होण्यापूर्वी निदान एक शब्द चालू राहावा, एवढ्यासाठी हा अर्ज आहे.

६. सबब विनंती की,

(अ) ट्रे घेऊन वळतेवेळी ‘गरम’ हा शब्द मोठ्याने उच्चारण्याची परवानगी अर्जदारास द्यावी. अर्जदार त्यास पुढे-मागे कोणताही शब्द जोडणार नाही.

(आ) ‘गरम’ शब्दास हरकत असल्यास कार्यालयाने आपल्या पसंतीचा दुसरा शब्द नेमून द्यावा. ‘थंड’ दिला तरी चालेल. मात्र तो भावासही लेखी कळवावा, कारण अर्जदार त्यास कळवू शकत नाही.

(इ) याच विषयाचा, याच कारणांचा व कदाचित याच शब्दांतला अर्ज उजवीकडील दुकानातून आल्यास तो संगनमताचा पुरावा धरू नये. आम्ही बोललेलो नाही.

आपण या एका शब्दाचा सहानुभूतीने विचार कराल, या भरवशावर भट्टी चालू ठेवली आहे.

आपला नम्र,
(सही)
डावीकडील बेकरीवाला

दिनांक : आवक शिक्क्याप्रमाणे

सोबत :
१) दोन्ही नोटिशींच्या प्रती.
२) दोन्ही पाट्यांचे छायाचित्र. (दोन्ही एकाच छायाचित्रात आल्या आहेत. दुकाने लागून असल्याने इलाज नव्हता.)
३) भावाच्या हाताच्या मलमाची औषधवाल्याची चिठ्ठी. ही भावजयीने भिंतीच्या फटीतून अर्जदाराच्या पत्नीस दिली.

ता. क. : वरील मजकूर काळ्या शाईत असून हा निळ्या शाईत आहे. ही खाडाखोड समजू नये. अर्जदार आपल्या कार्यालयाच्या रांगेत असताना हे लिहीत आहे.

रांगेत अर्जदाराच्या लगेच मागे त्याचा धाकटा भाऊ उभा होता. त्याच्या हातातही तेवढाच लिफाफा होता. दोघेही नियमाप्रमाणे गप्प होते. मघाशी आपल्या शिपायाने फायलींनी भरलेली ढकलगाडी मागून जोरात आणली, आणि अर्जदाराचे तिकडे लक्ष नव्हते. त्या क्षणी धाकटा मोठ्याने ‘गरम!’ असे ओरडला. अर्जदार तत्काळ भिंतीला चिकटला. गाडी निघून गेली. फायली थंड होत्या, हे अर्जदाराने हात लावून पाहिले. सर्व रांग आमच्याकडे बघू लागली.

सदर शब्द परवानगीपूर्वी उच्चारला गेला असल्याने त्यास कार्योत्तर मंजुरी द्यावी. दंड करावयाचा झाल्यास तो अर्जदारास करावा, कारण तो थोरला आहे.

पेन धाकट्याचे आहे. त्याने ते न बोलता पुढे केले व अर्जदाराने न बोलता घेतले. कागद टेकवण्यास जागा नसल्याने तो पाठ करून उभा राहिला आहे व अर्जदार त्याच्या पाठीवर कागद ठेवून लिहीत आहे. अक्षर वेडेवाकडे आल्याबद्दल क्षमा असावी. तो हसतो आहे, त्यामुळे पाठ हलते. हसण्याबाबत नियमांत काही असल्यास तेही अर्जदाराच्याच नावे टाकावे.