अंगठ्या रोज वापरात आहेत

ता. ३ ऑक्टोबर

ती. ताईंना, सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शनिवारी पोचलं. जिन्याच्या वीस पायऱ्या न थांबता चढलात, शाबास! पण निवृत्त नर्ससारखी वाईट पेशंट जगात नाही असं हे म्हणतात आणि मला ते पटतं. इकडे ठीक. माझ्या मशीनवर एका हॉटेलचे बत्तीस पडदे आहेत, सगळे मातकट. शिवता शिवता डुलकी लागते. ह्यांच्या चष्म्याच्या दुकानात अक्षरांचा नवा तक्ता आलाय. पहिल्याच गिऱ्हाइकाने तो पाठ असल्यासारखा म्हणून दाखवला, मग निघताना दार समजून काचेवर आपटला.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मंगळवारी विमा कंपनीचं पाकीट आलं. वर नाव थोरलीचं, ह्यांच्या पहिल्या बायकोचं. आमच्या लग्नाला दीड वर्ष झालं, पण तिच्या नावाचं टपाल मी पहिल्यांदाच पाहिलं. आधीची पाकिटं दुकानाच्या पत्त्यावर जात असावीत. मला वाटलं, ती गेल्याचं कंपनीला ठाऊक नसेल, दोन ओळी लिहून कळवावं. म्हणून फोडलं.

आत दोन अंगठ्यांच्या विम्याचे कागद होते. एक साखरपुड्याची, पाचूची. दुसरी लग्नाची, साधं वळं. सोबत गेल्या वर्षी भरून दिलेल्या फॉर्मची नक्कल. अंगठ्या कुठे असतात, या प्रश्नापुढे लिहिलं होतं: विमाधारकाच्या बोटात, रोज वापरात आहेत. खाली सही, विमाधारकाच्या वतीने पती. अक्षर ह्यांचं, ताई. तारीख आमच्या लग्नानंतर चार महिन्यांची.

कंपनी म्हणते, दहा वर्षं झाली, आता किंमत नव्याने ठरवायची, तेव्हा पंधरा नोव्हेंबरच्या आत दोन्ही अंगठ्या दाखवायला आणा. घरातला प्रत्येक खण मी लावलेला आहे. असल्या अंगठ्या मी कधी पाहिल्या नाहीत.

मी भित्री नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पण त्या दिवसापासून कपाटाच्या कडीला हात लावला की वाटतं, आत्ताच कुणीतरी इथून हात काढून घेतला. थोरली बसली होती ती लाँच खाडीत बुडाली हे मला माहीत आहे, त्यापुढचं कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तुम्ही सांगाल का?

लोभ आहे तो राहो. आगाऊपणाबद्दल राग आला तर तोही पत्रातूनच कळवावा.

तुमची
टाचणी

---

ता. ९ ऑक्टोबर

चि. सौ. टाचणीस, अ. उ. आ.

राग कसला? दीड वर्षात तू हे विचारलं नाहीस याचंच मला नवल वाटे. शिवणकाम करणारीच्या तोंडात सदा टाचण्या, म्हणून बोलत नसशील, अशी मी समजूत घालत होते.

ऐक तर. सहा वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. सोबतीला कुणी नव्हतं. मी थोरलीला लिहिलं, आठ दिवस ये. ती निघाली. खाडीच्या मध्यावर लाँच कलंडली. चार दिवसांत अकरा जण सापडले. दोघं सापडलीच नाहीत, त्यांत ती. उतारूंच्या यादीत नाव होतं, त्यावरून सरकारने दाखला दिला. माझ्या भावाने, आमच्या भिंगवाल्याने, तो घेतला, घडी केली आणि खिशात ठेवला. मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. तुझ्या गुडघ्यापायी गेली, असं एकदा तरी म्हणायला हवं होतं त्याने.

अंगठ्या तिच्या बोटातच होत्या. त्या ती कधी काढत नसे, कणीक मळतानासुद्धा. विमा त्याचाच हट्ट होता, कारण ती वेंधळी, छत्री तर महिन्याला एक हरवायची. तेव्हा मी त्याला लिहिलं होतं, अंगठ्या गेल्याचं कंपनीला कळव, निदान तेवढं प्रकरण मिटेल. त्या पत्राचं उत्तर आलं नाही. मी समजले, मिटलं. तो दर वर्षी हे लिहीत असेल असं स्वप्नातही आलं नाही.

तू पाकीट लपवू नकोस. उघडं, तसंच त्याच्या टेबलावर ठेव. भांडू नकोस आणि रडूही नकोस. तो काय करतो ते बघ.

मशीनवर डुलक्या घेताना बोटं सांभाळ. माझा जीव तुझ्यात अडकलेला आहे हे विसरू नकोस.

तुझी
ताई

---

ता. २१ ऑक्टोबर

ती. ताईंना, सा. न. वि. वि.

पाकीट टेबलावर ठेवलं. ह्यांनी वाचलं, बघतो म्हणाले आणि जेवायला बसले. मीठ कमी आहे, एवढंच पुढे बोलले. मीठ बरोबर होतं.

काल रविवार. दुपारी हे एका म्हातारबुवांचा चष्मा पोचवायला गेले होते. ह्यांच्या दुकानातल्या कोटाचं बटण लोंबत होतं, ते शिवायला तो घेतला. खिशात मखमली डबी होती. आत दोन अंगठ्या, एक पाचूची, एक साधी.

ताई, खरं लिहिते, तुमच्यापाशी काय लपवायचं? आधी वाटलं, ह्या थोरलीच्याच. आणि मग, लाज वाटते सांगायला, वाटलं, माझ्यासाठी असतील. आमचं लग्न कचेरीत सह्या करून झालं, अंगठी राहूनच गेली होती. मी दोन्ही घातल्या. पाचूची निघाली. साधी सांध्यापलीकडे गेली ती अडकली. साबण लावला, तेल लावलं, बोट टोमॅटोसारखं झालं.

तेवढ्यात हे आले. दारात उभे राहिले आणि त्यांना आधी माझा हातच दिसला असावा, कारण मी खिडकीकडे तोंड करून होते. काचेत मला दिसलं, ते हसले. दीड वर्षात असं हसू मी त्यांच्या तोंडावर पाहिलेलं नाही. आणि मऊ आवाजात म्हणाले, आलीस का?

मी वळले. हसू कसं जातं ते मी समोर पाहिलं. देव करो आणि पुन्हा पाहावं न लागो.

मग सांगितलं, की कोपऱ्यावरच्या सोनाराकडून जुन्या फोटोवरून आणि पावतीवरून हुबेहूब करून घेतल्यात, कंपनीला दाखवायला. मी म्हटलं, चला, सोनाराकडे जाऊन ही कापून काढू. तर नुसते बघत राहिले. कापू नका असंही म्हणाले नाहीत. माझ्याशी बोलतात ते त्या बोटाकडे बघून, आणि मला कळत नाही की मी या घरात कोण म्हणून उभी आहे. दुकानात फोन आहे, पण तिथे हे समोर असतात, म्हणून पत्र. तुम्ही नर्स होतात, काही उपाय असेल तर लगेच लिहा.

माया असू द्यावी. आज तिची फार गरज आहे.

तुमची
टाचणी

---

ता. २५ ऑक्टोबर

चि. सौ. टाचणीस, अ. उ. आ.

आधी बोट. हात पाच मिनिटं डोक्याच्या वर धर, सूज उतरेल. मग बारीक रेशमी दोरा घे. एक टोक अंगठीखालून तळहाताच्या बाजूला काढ. उरलेला दोरा अंगठीला लागून नखाच्या दिशेने गुंडाळत जा, घट्ट, वेढ्याला वेढा चिकटून, सांधा ओलांडेपर्यंत. आता तळहाताकडचं टोक नखाकडे ओढत उलगड. वेढा सुटेल तशी अंगठी पुढे येईल. दुखेल. एका हाताने जमणार नाही, दुसरं माणूस लागतं. ते त्यालाच करू दे. बोट निळं पडलं तर मात्र कुणाची वाट बघू नकोस, सरळ कापून घे.

आणि त्याला माझा निरोप सांग. लोकांच्या डोळ्यांचा नंबर पाव अंशानेही चुकू न देणारा माणूस खोट्या अंगठ्या दाखवायला निघाला, तर मी त्याला भाऊ म्हणणार नाही. हे जसंच्या तसं सांग.

तुला लिहावंसं वाटत होतं, की चार दिवस माझ्याकडे ये. पेन उचललं आणि हात थांबला. सहा वर्षांत मी कुणालाही ये म्हणून लिहिलेलं नाही. आजही लिहवत नाही. क्षमा कर.

तू त्या घरात कोण, हे विचारतेस. ज्याच्या कोटाला बटण नाही त्याला बटण लावणारी. थोरली तेवढंही करत नसे, देवाघरी गेली म्हणून खोटं कशाला बोलू?

जिवाला जप. आणि पत्र लांबवू नकोस.

तुझी
ताई

---

ता. १४ नोव्हेंबर

ती. ताई, सा. न. वि. वि.

टाचणीने तुझं पत्र मला वाचायला दिलं आणि हात पुढे केला. दोरा मी गुंडाळला. सांध्यावर आल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हलली नाही. मला वाटतं, माणसाचे हात कामात असले की तोंड सुटतं. मी बोलायला लागलो. चार दिवस किनाऱ्यावर मी काय शोधत होतो, ते सांगितलं. माणूस शोधत नव्हतो गं. जी माणसं आणत, त्यांचे हात बघत होतो. अकरा वेळा बघितले. अंगठी निघाल्यानंतरही मी तिचं बोट धरून बोलत होतो.

दोन्ही अंगठ्या सोनाराला परत केल्या. काल आम्ही विमा कंपनीत गेलो. खिडकीत एक तरुण बाई होती, सर्दीने बेजार. तिने जुने फॉर्म काढले, लाँचची तारीख विचारली आणि हिशेब लावून म्हणाली, की बुडाल्यानंतर सहा वेळा तुम्ही अंगठ्या बोटात आहेत असं लिहून दिलंत, हे खोटं का लिहिलंत?

मी म्हटलं, खोटं नाही. त्या तिच्या बोटातच आहेत.

बाईने रुमाल खाली घेतला. मग म्हणाली, की भरपाई काही मिळणार नाही, उलट चौकशीला बोलावतील. मी म्हटलं, भरपाई नकोच, चौकशीला येईन, फक्त हे बंद करा. तिने एक कागद सरकवला. काय हरवले, असा रकाना होता. मी थोरलीचं नाव लिहिलं. बाई हळूच म्हणाली, की इथे वस्तू लिहायची असते. मला खोडवेना. टाचणीने पेन घेतलं, नाव तसंच ठेवलं आणि पुढे लिहिलं, हिच्या दोन अंगठ्या. बाईने त्यावर शिक्का मारला.

ताई, तुझ्यावर माझा राग होता. सहा वर्षं होता. तुला हे ऐकायचं होतं असं टाचणी म्हणते, म्हणून लिहितो. आता किती उरलाय ते नीट सांगता येणार नाही, पण लिहिलेलं खोडलं नाही.

बाहेर पडल्यावर टाचणीने विचारलं, ती कशी होती? असं मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. मी सांगायला लागलो, कशी चिडायची, कशी बेसूर गुणगुणायची. घर आलं तेव्हा माझं अर्धंही सांगून झालं नव्हतं. मी थांबलो. टाचणीने दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, चला, पुढच्या चौकापर्यंत जाऊ.

रागासकट जसा आहे तसा तुझाच. आशीर्वाद दोघांनाही पाठव.

तुझा
भिंगवाला