चहाला आलेला फरशीवाला

मी, करवसुली कार्यालयातून निवृत्त, वय सत्तर, गल्लीत 'पावतीबाई' म्हणून ओळखली जाणारी, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे (डॉक्टरांचा दाखला जोडला आहे) आणि हे लिहिताना माझ्या मानेवर कोणी बसलेले नाही.

१. राहते घर, गच्चीसह, भाचीला. माझ्या दुखण्यात तिने सगळे केले आणि एकदाही बोलून दाखवले नाही.

२. लोखंडी कपाट धाकट्या दिराला. दर भेटीत त्याने कपाटाची चौकशी केली, माझी नाही. किल्ली आतच राहिली आहे, हे त्याला कपाट घरी नेल्यावर कळवावे.

३. बँकेतली सगळी ठेव फरशीवाल्याला. कारण लिहिते, म्हणजे म्हातारीला भुलवले असे कोणी म्हणायला नको.

अकरा वर्षांपूर्वी, नोकरीत असताना, मी न्हाणीघराची फरशी बदलायला काढली. तो म्हणाला, "ताई, बिल लागलं तर पूर्ण पैसे. रोख दिलेत तर पाचवा हिस्सा सोडतो." जन्मभर लोकांच्या पावत्या तपासणारी मी चटकन म्हणाले, "रोखच घे." वाचलेल्या पैशांत नवे पडदे आणले.

तिसऱ्या दिवशी फरशी कापताना यंत्र निसटले आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. मीच टॉवेल गुंडाळून त्याला दवाखान्यात नेले. कामावर जखमी झालेल्याला सरकारी भरपाई मिळते, पण काम आपल्याकडे चालले होते हे घरमालकाने सांगावे लागते. भरपाई कार्यालयाचे अधिकारी त्याला घेऊन माझ्या दारात आले. बिनपावतीचा व्यवहार उघडा पडला तर नोकरी जाईल, या भीतीने मी न्हाणीघराचे दार आधीच लावून घेतले होते. मी म्हणाले, "काम कसलं? चहाला आला होता तो."

अधिकाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिले. बँडेजचा हात त्याने पोटाशी धरला होता. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, "हो साहेब. चहालाच आलो होतो."

तीन महिन्यांनी तो उरलेली फरशी डाव्या हाताने बसवायला आला. "राहू दे रे," मी म्हणाले. "अर्धं काम टाकून कसं चालेल, ताई?" त्या खोट्याबद्दल तो कधी अवाक्षर बोलला नाही. मीही नाही.

ठेवीचे ऐकून भाची आधी रुसली. मग म्हणाली, "मावशी, घर तरी पक्कं ना?" पक्के.

४. त्या दिवशी फरशीवाला माझ्या घरी, माझ्या कामावर होता. मी खोटे बोलले. हे कलम माझ्या मरणापर्यंत थांबणार नाही. असाच जबाब लिहून आज सकाळी भरपाई कार्यालयात नेला. खिडकीवरचा कारकून वाचून म्हणाला, "आजी, त्याचं प्रकरण उघडेल कदाचित, पण आधी तुमची चौकशी लागेल. पेन्शन अडकेल."

"अडकू दे. शिक्का मार."

त्याने मारला.

ठिकाण: राहते घर. दिनांक: १४ मार्च.
सही: (पावतीबाई)

साक्षीदार: शेजारची शिंपीण, कोपऱ्यावरचे औषधवाले. बाईंनी आमच्यादेखत वाचून सही केली. फरशीवाल्याला अजून काही माहीत नाही. उद्या बाई स्वतः त्याच्या घरी जाणार आहेत. एकटीला धीर होत नाही म्हणून शिंपीण सोबत जाईल.