फेरतपासणीत नापास झाल्याची आनंदवार्ता

ती. ताईस साष्टांग नमस्कार. (कागदावरच. खराखुरा घातला तर उठवायला कोणीतरी लागेल.) तुझा खोकला गेला का? जावईबापू अजून तुझं ऐकतात ना? इकडे मी लढाई जिंकून बसलोय, आणि ती तुला सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागायचं नाही.

आमच्या गल्लीतला सगळ्यात तरुण माणूस म्हणजे सत्तरीचा बेकरीवाला. त्याला आम्ही अजून 'पोरगा' म्हणतो. सगळ्यांची मुलं शहरात. सकाळी मोपेडवरून मदतनीस बाई येते म्हणून आमची गल्ली अंथरुणातून उठते. तिला आम्ही वादळ म्हणतो. ती मला आंघोळ घालते (पाठ तिच्या हवाली, बाकीची अब्रू माझ्या ताब्यात), गोळ्या गिळायला लावते, सुजलेल्या पायांवर ते जीवघेणे घट्ट मोजे चढवते आणि बोलता बोलता पुढच्या दारी पोचते. तर तिला पाठवणाऱ्या सरकारी कचेरीला वाटलं, की हिची खरी गरज कोणाला आहे ते एकदा तपासावं. साहेब येणार असा निरोप आला.

आता घरी माणूस येणार म्हटल्यावर आपण काय करतो? गल्लीभर झाडलोट झाली. मी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, साहेबांना स्वतः चहा करून दिला आणि त्यांनी हात वर करा म्हटल्यावर असे केले, की दिव्याची शेड हलली. चाळीस वर्षं बस चालवलेला माणूस मी, मला काय धाड भरलीय, असंही ऐकवलं. शेजारच्या शिंपीणकाकू तर साहेबांना निरोप द्यायला कोपऱ्यापर्यंत चालत गेल्या. (परत आणायला पोरग्याला खुर्ची घेऊन जावं लागलं.) आठवड्याने कळलं, की गल्ली ठणठणीत असल्यामुळे वादळ महिनाअखेर बंद. मी हबकलोच. तिच्यावाचून मला मोजा काय, सकाळसुद्धा चढणार नव्हती.

वादळ कमरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "काका, पाहुण्यांना दाखवायची तब्येत तुम्ही कचेरीला दाखवलीत."

मग आम्ही फेरतपासणी मागितली आणि गल्लीने एकमताने मला पुढे केलं. या खेपेला साहेबांबरोबर कचेरीतल्या त्यांच्या वरच्या मोठ्या बाई आल्या. मी दाढी वाढवलेली, सदऱ्याची बटणं खालीवर, पायांत दोन वेगळ्या चपला. वार विचारला तर महिना सांगितला. चहा करायला उठलो आणि रिकामं भांडं गॅसवर ठेवून तिथेच उभा राहिलो. मोठ्या बाईंना मी 'ताई' म्हणालो आणि लहानपणी माझा भोवरा का पळवलास म्हणून जाब विचारला. (हे मात्र नाटक नव्हतं. भोवरा तूच घेतला होतास.) बाईंचे डोळे पाणावले. साहेब खाली बघत बसले. आणि निकाल काय लागला असेल? वादळ कायम! वर संध्याकाळची फेरीसुद्धा! पोरग्याने गल्लीभर केक वाटला, शिंपीणकाकूंनी माझी दृष्ट काढायची तेवढी बाकी ठेवली. बस वळणावर उलटता उलटता वाचवली तेव्हाही माझं एवढं कौतुक झालं नव्हतं.

बाकी सर्व क्षेम. लेकीला आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. माझा अभिनय जरा जास्तच वठला. हा गृहस्थ एकटा राहण्यासारखा नाही, असं मोठ्या बाईंनी ठरवलं आणि शहराजवळच्या वृद्धाश्रमात माझ्यासाठी खाट राखून ठेवली. म्हणजे गल्लीला वादळ मिळालं, पण मला गल्ली राहिली नाही. ताई, मला हे घर सोडायचं नाही. तिथल्या खिडकीतून भिंत दिसते, मी चौकशी केली.

ता. क. २. तेव्हा घाबरून मी सांगून टाकलं, की मी एकटा नाही, बहीण असते माझ्याजवळ, आत्ता बाजारात गेलीय. गुरुवारी ते तुला बघायला येणार आहेत. बुधवारच्या बसने निघ. चार कपडे जास्त आण, दोरीवर वाळत घालू.

ता. क. ३. वय विचारतील. चौऱ्याऐंशी सांगू नकोस, कारण तू मला सांभाळतेस असं सांगितलंय. आजवर थोरलेपण भरपूर गाजवलंस, गुरुवारपुरती माझी धाकटी हो.