चुकीच्या वेगाचा 'नेटल चॅपल'

२ नोव्हेंबर १९८५, लीड्स

'नेटल चॅपल'ची रेकॉर्ड आणली! पहिल्याच गाण्यात गिटार कवटी फोडून आत शिरते. ड्रम वाजवायला माणूस नाही, मशीन आहे — दयामाया न दाखवता ठोकत राहतं. आणि गायकाचा आवाज! पाणी भरलेल्या खाणीतून आल्यासारखा. मला रडू आलं, कुणाला तरी बदडावंसंही वाटलं.

३ नोव्हेंबर

माझा दोस्त विल्फ ऐकायला आला आणि हसून लोळला. "अगं बावळट, ही रेकॉर्ड पंचेचाळीसच्या वेगावर लावायची! तू तेहतीसवर, संथ लावलीयेस!"

बरोबर लावून पाहिली. गायक एकदम घाईत, बस चुकत असल्यासारखा. "काढ ते," विल्फच म्हणाला. "तुझी चूकच भारी आहे. मला तशीच टेप करून दे."

दिली. अख्ख्या जगात असा 'नेटल चॅपल' त्याच्या त्या एका कॅसेटवर आहे. भिंतीपलीकडून माझा मोठा भाऊ रॉय ओरडला, "बंद कर ते मयताचं!"

५ नोव्हेंबर

बॉनफायरची रात्र. दरवर्षी शेकोटीत जाळतात त्या पुतळ्याला पोरांनी माझ्यासारखे पिंजारलेले काळे केस लावले होते. जाळताना रॉय सगळ्यात मोठ्याने हसला.

९ नोव्हेंबर

चिप्सच्या दुकानाबाहेर मी नि विल्फ. टीम हरली म्हणून मॅचहून पेटून आलेली पोरं, तोंडाला स्कार्फ गुंडाळलेली.

"ए हडळ, आज कुणाचं मयत गं?"

विल्फ म्हणाला, "तुमच्या टीमचं."

मूर्ख! माझा लाडका मूर्ख! त्यांनी त्याला पाडलं. बूट, बूट, बूट. दात गटारात. मी एकाच्या नडगीवर लाथ हाणली, तर दुसऱ्याने केसांना धरून माझं डोकं शटरवर आपटलं. जाताना विल्फचा वॉकमन आतल्या त्या कॅसेटसकट नेला.

१० नोव्हेंबर

विल्फचा जबडा तारेने बांधलाय. डाव्या कानाने ऐकू येईल का, डॉक्टर सांगत नाहीत. कानांवरच तर तो जगतो! पोलीस म्हणाला, "असं भुतासारखं फिरल्यावर होणारच, पोरी. एकाचं तरी नाव आण, मग बघू."

नाव कुठून आणू?

रॉयने माझ्या कपाळावर बर्फ धरला. "काल गॅरेजात जादा काम नसतं ना, तर एकेकाला फाडला असता!" किती दिवसांनी तो माझा भाऊ वाटला.

१६ नोव्हेंबर

दुपारी लवकर घरी आले. माझी रेकॉर्ड माझ्या कपाटात. तरी रॉयच्या खोलीतून 'नेटल चॅपल' — संथ, खोल, तेहतीसवरचा. गाणं संपलं. त्याने टेप मागे घेतली, पुन्हा लावली. सोबत गुणगुणत होता.

कोट घातलाय. पोलिसांना नाव हवं होतं.