बेटावरच्या धुरासह माझ्या सर्व मालमत्तेची व्यवस्था

मी, नेरिडा जोन टकवेल, वय वर्षे ७१, धंदा मासेमारीची जाळी विणणे व दुरुस्त करणे (आता बंद), राहणार १४, कटलर लेन, पोर्ट लिंकन, दक्षिण ऑस्ट्रेलिया, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. माझी फुप्फुसे बिघडली आहेत, डोके बिघडलेले नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळे मांजरीला दिले होते आणि ती माझ्या आधी गेली.

वकीलबाईंनी थोडक्यात लिहायला सांगितले आहे. तसा प्रयत्न केला आहे.

१. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी स्टाव्रोस कोंडिलिस यास नेमते. त्याचे धक्क्याजवळ तळलेल्या माशांचे दुकान आहे. माणूस सरळ आहे. समोरच्याला न विचारता सगळ्यावर लिंबू पिळतो, एवढा एक दोष सोडला तर त्याच्या हाती काहीही सोपवावे.

२. माझे राहते घर विकून जे येईल ते गावातल्या समुद्र-बचाव पथकाला द्यावे. कारण असे, की १९८७ साली माझा धाकटा भाऊ क्लेम याच्या कोळंबीच्या बोटीचे इंजिन बंद पडले आणि तो आखातातल्या एका ओसाड बेटावर दोन दिवस अडकून पडला. त्याने ओली लाकडे जाळून धूर केला. दोन बोटी धूर बघून पुढे निघून गेल्या. तिसरी वळली, ती पथकाची होती. क्लेम त्यांना म्हणाला, "उशीर केलात. चहा आहे का?" आभार मानायचे राहून गेले, ते या कलमाने मानले आहेत.

३. जाळी विणायच्या एकोणीस सुया, मापाच्या पट्ट्या आणि डांबरी दोऱ्याची सर्व रिळे हेदर ग्लूयास हिला द्यावीत. ती चाळीस वर्षे नर्स होती, टाके बरे घालते. मोठी कात्री मात्र देऊ नये. ती मी १९९४ साली तिच्याकडूनच आणली होती आणि तिने परत मागितली तेव्हा मी "कुठली कात्री?" असे विचारले होते. म्हणजे कात्रीही द्यावी.

४. आता खेळाविषयी. "हा मालमत्तेत धरायचा का?" असे वकीलबाईंनी विचारले. मी म्हटले, "बाई, हा सोडला तर माझ्याकडे आहे काय?"

त्यांच्या माहितीसाठी लिहिते. दर रविवारी दुपारी दोन वाजता बोलिंग क्लबच्या मागच्या खोलीत आम्ही टेबलाभोवती बसतो. बाकीचे चाचे होतात. मी खेळ चालवते, म्हणजे समुद्र, वारा, शत्रूची जहाजे, बंदरातले जकातवाले आणि उरलेले सगळे जग मी होते. काय दिसते ते मी सांगायचे, काय करायचे ते त्यांनी सांगायचे, आणि जमले की नाही ते फाशाने ठरवायचे. माझ्यासमोर पुठ्ठ्याचा एक घडीचा पडदा उभा असतो. माझे फासे त्याच्या मागे पडतात आणि आकडा मी सांगेन तो.

हे १९९८ साली सुरू झाले तेव्हा कुठल्या पुस्तकाचे नियम घ्यायचे यावरून दोन महिने वाद चालला. एका पुस्तकात समुद्रातले राक्षस होते. स्टाव्रोस म्हणाला, "मी आठवडाभर ऑक्टोपस कापतो. रविवारी तरी त्याचं तोंड बघायला लावू नका." दुसरे चारशे पानांचे, त्यात वाऱ्याची कोष्टकेच साठ पाने. क्लेम सगळा जन्म बोटीवर काढलेला कप्तान, त्याला तेच हवे होते. त्याच्या समाधानासाठी आम्ही ते चार रविवार खेळलो. चार रविवारांत जहाज धक्क्यावरून हलले नाही.

तिसरे पुस्तक अठ्ठेचाळीस पानांचे. अख्खे जहाज एका कागदावर मावते. क्लेमने तो कागद उलटून पाहिला.

"ही बोट आहे? हिला तळच नाही."

"आहे असं धर."

"नुसतं धरून बोट तरंगत नसते, नेरी."

"तीन खोकी बिअर धरून तुझी तरंगते ना? मग ही पण तरंगेल."

मी तिसरे निवडले. जो चालवतो तो निवडतो, असा आमच्यात रिवाज आहे, आणि सत्तावीस वर्षांत मला त्याचा पस्तावा झालेला नाही. चारशे पानांचे पुस्तक क्लेमला द्यावे. पान ११२ वर चहाचा डाग आहे, तो त्याचाच आहे.

५. जहाजाचे नाव 'बेफिकीर बार्बरा'. स्टाव्रोस तिच्यावर आचारी असतो आणि शत्रूच्या जहाजातून फक्त मसाले लुटतो. हेदर वैद्य असते. लोकांचे पाय कापते, पण आधी हात धुते. क्लेम सोळा वर्षे कप्तान इझिकिएल ग्रॉट होता. तिघांच्या पात्रांचे कागद निळ्या फाइलमध्ये आहेत. ज्याचा त्याला द्यावा.

६. हे कलम फक्त क्लेमसाठी आहे.

२०१४ सालच्या मार्च महिन्यात तू सगळ्यांसमोर म्हणालास, "तू लबाडी करतेस. पडद्यामागे फासे टाकतेस आणि तुझ्या लाडक्यांना वाचवतेस. टाक उघड्यावर!" मी पडदा आडवा केला आणि वीस पैलूंचा फासा टेबलाच्या मधोमध टाकला. ग्रॉटला जगायला निदान पाच हवे होते. दोन पडले. ग्रॉट वादळात समुद्रात गेला, तू टोपी घातलीस आणि दारातून गेलास. तुझा चहा अर्धा राहिला होता.

तर, क्लेम, मी लबाडी करत होते हे खरे आहे. सोळा वर्षांत ग्रॉट निदान तीस वेळा मेला. एकदा तर शिडी उतरताना मेला. दर वेळी मी पडद्यामागे मेलेला आकडा बघितला आणि वाचलेला सांगितला. लाडका तूच होतास. खरा आकडा मी तुला एकदाच सांगितला, आणि त्याच दिवशी तू मला लबाड म्हणालास. मला त्याचे वाईट वाटले. अजून वाटते.

तेव्हापासून तू माझ्याशी बोलत नाहीस. चार गल्ल्या सोडून राहतोस, रस्त्यात मी दिसले की पलीकडच्या फुटपाथवर जातोस. मीही काही कमी नाही, मीही पलीकडे जाते, त्यामुळे आपण पुन्हा समोरासमोर येतो. फोन मी करायला हवा होता. मोठी मी आहे.

७. ग्रॉट मेलेला नाही.

त्याच संध्याकाळी मी वहीत लिहिले, की लाटांनी त्याला एका बेटावर नेऊन टाकले. बार्बरा बंदरातून बाहेर पडली की ते बेट डाव्या हाताला लागते. त्यावरून धूर येतो. अकरा वर्षांत, माझ्या वहीप्रमाणे, मी बासष्ट वेळा सांगितले आहे: "डाव्या हाताला एक बेट. त्यावरून धूर येतोय." बासष्ट वेळा स्टाव्रोस म्हणाला, "धूर म्हणजे शिपाई. पुढे चला." हेदर म्हणाली, "नाहीतर देवीची साथ. पुढे चला."

मला वाटले होते, दोन-तीन रविवारांत उतरतील, ग्रॉट सापडेल, आणि मग क्लेमला बोलावणे पाठवायला मला काहीतरी निमित्त मिळेल. पण खेळ चालवणाऱ्याने काय दिसते तेवढेच सांगायचे, कुठे जा ते सांगायचे नाही. हा नियम मी सत्तावीस वर्षांत मोडलेला नाही. फासे वेगळे.

मेल्यावर मी खेळ चालवत नसेन, सबब हा नियम मला लागू राहणार नाही. माझ्या दफनानंतरच्या पहिल्या रविवारी स्टाव्रोस व हेदर यांनी क्लेमच्या घरी जाऊन त्याला हे मृत्युपत्र वाचून दाखवावे, त्याला धरून क्लबात आणावे, आणि त्या बेटावर उतरावे. हा माझा हुकूम समजावा.

८. पडदा, फासे आणि अकरा वह्या तूर्त हेदरकडे ठेवाव्यात. पुढे खेळ कोणी चालवायचा हे ठरवायची माझी छाती होत नाही.

वरील मजकूर मी वाचला, तो मला कळला, तो माझाच आहे.

स्थळ: पोर्ट लिंकन. दिनांक: ८ मे २०२५.
सही: नेरिडा जे. टकवेल
साक्षीदार: (१) रोवेना पास्को, वकिलांच्या कचेरीतील कारकून (२) ऑगस्ट श्रॅम, शेजारच्या दुकानातील चांभार. दोघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या. श्रॅम यांनी खेळाविषयी चौकशी केली.

पुरवणी

मी, वर लिहिलेली नेरिडा जोन टकवेल, सध्या मुक्काम रुग्णालय, पोर्ट लिंकन, नाकात नळी आहे पण शुद्धीत आहे, माझ्या मृत्युपत्रास ही पुरवणी जोडते.

काल रविवारी खेळ माझ्या खाटेवर झाला. जेवणाच्या सरकत्या टेबलावर पडदा मावला. दोन वाजता दारात क्लेम उभा होता, हातात थर्मास. स्टाव्रोसच्या दुकानात शुक्रवारी त्याला माझी बातमी कळली होती. म्हातारा झाला आहे. तो म्हणाला, "मी फक्त बसायला आलोय," आणि खिडकीपाशी पाठ करून बसला. मी म्हटले, "बस." एवढेच बोलणे झाले.

बार्बरा बंदरातून निघाली. मी म्हटले, "डाव्या हाताला एक बेट. त्यावरून धूर येतोय."

"शिपाई," स्टाव्रोस म्हणाला. "पुढे चला."

खिडकीकडून आवाज आला. "धूर कसला आहे? काळा की पांढरा?"

अकरा वर्षांत हे कोणी विचारले नव्हते. मी म्हटले, "पांढरा. ओल्या लाकडाचा."

क्लेम वळला. "किती दिवस येतोय?"

"अकरा वर्षं."

"आणि ही दोन गाढवं न थांबता पुढे गेली?"

"बासष्ट वेळा. आजचं धरून त्रेसष्ट होईल."

"बोट वळवा."

"तू खेळात नाहीस रे," स्टाव्रोस म्हणाला.

"वळव म्हणतो ना, लिंबूवाल्या! ओलं लाकूड कोणी स्वयंपाकाला जाळतं का? माणूस आहे तिथे!"

बोट वळली. दोघे वाळूवर उतरले. मी सांगितले, की शेकोटीपाशी एक माणूस बसला आहे, दाढी गुडघ्यापर्यंत, अंगावर कप्तानाचा फाटका कोट. हेदरने तोंडावर हात ठेवला. मी क्लेमकडे बघितले आणि विचारले, "कप्तान काय म्हणतो?"

त्याने थर्मासचे झाकण उघडले, पुन्हा लावले. मग म्हणाला, "उशीर केलात. चहा आहे का?"

मी रडले, तसे इथे नोंदवते. चहा थर्मासमध्ये होता.

सबब कलम ७ मधला हुकूम रद्द समजावा, काम झाले आहे. कलम ८ बदलून पडदा, फासे व वह्या क्लेमला द्याव्यात. यापुढे खेळ तो चालवील. वाऱ्याची कोष्टके त्याने महिन्यातून एकाच रविवारी काढावीत. कलम ६ मात्र आहे तसेच ठेवावे आणि मी गेल्यावरच त्याला वाचायला द्यावे. आत्ता कळले तर तो टोपी घालून निघून जाईल, आणि पुढच्या रविवारी दोन वाजता मला तो इथे हवा आहे.

स्थळ: रुग्णालय, खाट क्र. ६. दिनांक: २३ जून २०२५.
सही: नेरिडा जे. टकवेल
साक्षीदार: (१) मेलिता व्हेला, परिचारिका (२) डग्लस इनग्राम, खाट क्र. ५. यांना काल आवाजाचा त्रास झाला, पण पुढच्या रविवारी आपल्यालाही खेळात घ्यावे असे त्यांचे म्हणणे आहे.